सावकाश, घाई नाही

आमच्या दवाखान्यात तिला सगळे माईकबाई म्हणतात. बाहेरच्या हॉलमध्ये बाकांवर बसलेल्या पेशंटना माईकवरून नंबराप्रमाणे आत बोलवायचं, हे तिचं काम. मी शेजारच्याच खिडकीत केसपेपर काढते. आमच्या दोघींच्या मध्ये पातळ फळी आहे, आणि कागद इकडून तिकडे सरकवायला त्या फळीत एक चौकोन कापलेला आहे. त्या चौकोनातून गेली कित्येक वर्षं आमचे कागद, बिस्किटं, डोकेदुखीच्या गोळ्या आणि घरची रडगाणी सरकत आली आहेत. तिच्याबद्दल हल्ली बाहेर बरंच बोललं जातं. पण बोलणाऱ्यांना तिचा फक्त आवाज माहीत आहे, म्हणून हे लिहायला बसले.

नंबर सगळीकडेच पुकारतात. पण बहुतेक ठिकाणी माणसाला बोलावताहेत की हाकलताहेत ते कळत नाही. ही नंबर सांगायची, जरा थांबायची, आणि मग म्हणायची, "सावकाश या, घाई नाही." तापलेल्या कपाळावर कुणी तळहात ठेवावा, तसा तो आवाज. रडणारी पोरं तेवढ्यापुरती गप्प व्हायची. भेदरलेली म्हातारी माणसं काठी सावरून उठायची आणि काचेकडे बघून हसायची. काचेमागे कोण बसलंय ते त्यांना दिसत नसे, कारण तिची खिडकी अंधाऱ्या कोपऱ्यात आहे.

ती सवय तिला कुणी दवाखान्यात लावली नव्हती. घरूनच आलेली होती.

तिच्या सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून द्यायचे. हिचं लग्न झालं आणि पुढे थोड्याच वर्षांत काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात पाळीवर, कधी दिवसा झोपलेला तर कधी घरातच नाही. तेव्हा सासूबाईंचे डोळे व्हायचं ते सुनेनेच. "आई, पुढे उंबरा. आई, डाव्या हाताला बादली ठेवलीय. सावकाश, घाई नाही." असं बोलता बोलता तिचा आवाज घडला. पुढे सासूबाईंच्या हृदयाचंही दुखणं निघालं. त्यांना गोळी गिळता यायची नाही, घशात अडकायची. म्हणून ही रोज दुपारी गोळ्या कुटून कोमट पाण्यात विरघळवायची आणि छोट्या स्टीलच्या पेल्यातून पाजायची. कडू जहर. सासूबाई रोज तोंड फिरवायच्या आणि रोज म्हणायच्या, "देवा, ने रे बाबा आता. किती दिवस हे कडू प्यायचं?" आणि ही रोज म्हणायची, "आई, संपवून टाका बघू. थेंब ठेवायचा नाही. सावकाश, घाई नाही."

देवाने ज्याला जे दिलं त्यातून तो घर चालवतो. हिला आवाज दिला होता.

त्या आवाजाला गिऱ्हाईक आलं ते दवाखान्यातच. एक माणूस वडिलांना घेऊन आमच्याकडे येत असे. वडील इंजेक्शनला लहान मुलासारखे भ्यायचे. एकदा तो सरळ काचेशी येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या आवाजाने आमचे बाबा गप आत जातात. मी रेकॉर्डिंगचं काम करतो. बाहेरच्या देशातल्या मालिकांना आपल्या भाषेत आवाज देतो आम्ही. एक काम आहे, कराल का?"

हिने फळीतल्या चौकोनातून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "विचार काय करतेस? जा. नाहीतरी फुकटच बोलतेस दिवसभर."

गेली. पहिल्या दिवशी परतली ती तोंड पाडून. मालिका एका खुनी बाईची होती. ही बाई निवृत्त कंपाउंडर, अंगात निळा स्वेटर, हातात थर्मास. गावातल्या आजारी माणसांची विचारपूस करत फिरायची. कुणी तिच्यासमोर म्हटलं, "कंटाळा आला जिवाचा, सुटलो तर बरं," की ती ते अगदी मनावर घ्यायची. थर्मासमधून पेलाभर काढायची आणि मायेने पाजायची. माणूस गार झाला की पेला विसळून ठेवायची, गळणारा नळ घट्ट करायची, चालू राहिलेला पंखा बंद करायची, मांजराला दूध ठेवायची आणि दार ओढून निघून जायची. गंभीर मालिका नव्हती ती. माणसं हसून हसून लोळतील अशी केली होती. आणि त्या बाईचा आवाज म्हणून हिला बोलावलं होतं.

"मी खुनी बाईसारखं बोलायला गेले," ती मला सांगत होती, "दातओठ खाऊन. तर रेकॉर्डिंगवाले भाऊ म्हणाले, ताई, हे काय करताय? घरी कुणाला औषध देता का? म्हटलं, सासूबाईंना. म्हणाले, मग तस्संच बोला. फक्त मनात एवढं आणा, की हे शेवटचं. उद्या द्यायचं नाही."

"मग?"

"मग बोलले. एकदाच बोलले आणि ते म्हणाले, झालं, हाच पाहिजे होता."

बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. नंतर बऱ्याच दिवसांनी, तोंडात बिस्किट तसंच ठेवून, तिने राहिलेलं सांगितलं. "त्यांनी म्हटलं ना, उद्या द्यायचं नाही. तर माझ्या मनात आलं, उद्या दुपारी मी जरा झोपेन. एवढंच आलं गं. बाकी काही नाही."

मी म्हटलं, "अगं, दमलेल्या माणसाच्या मनात झोपच येणार, दुसरं काय येणार?" आणि चौकोनातून तिला आणखी एक बिस्किट सरकवलं.

"सावकाश, घाई नाही" हे शब्द मूळ मालिकेत नव्हते. हिच्या तोंडून सवयीने निघाले आणि रेकॉर्डिंगवाल्याला आवडले. मग प्रत्येक खुनाच्या वेळी तेच ठेवले. मालिकेत आवाज कुणाचा ते कुठे लिहून येत नव्हतं, आणि बाहेर सांगायचं नाही असं तिच्याकडून कबूलही करून घेतलं होतं. म्हणजे एवढ्या मोठ्या गावात ठाऊक कुणाला, तर तिच्या नवऱ्याला आणि मला.

मालिका सुरू झाली आणि आमच्या हॉलची चावडी झाली. आधी माणसं आपापली दुखणी सांगत बसायची. आता सकाळी पहिल्या बाकापासून तोच विषय. काचेमागे आम्ही दोघी ऐकत बसायचो.

"ती बाई वाईट नाहीच मुळी," आमचा नेहमीचा टेम्पोवाला म्हणायचा. त्याला पाठीच्या मणक्याचं दुखणं. "लोकच म्हणतात, सुटलो तर बरं. तिने सोडवलं. तिचं काय चुकलं?"

"अहो, म्हणायचं असतं ते!" खोकल्याच्या काकू उसळायच्या.

"म्हणायचं असतं म्हणजे? मनात नसताना म्हणायचं?"

"तुमची बायको म्हणत नाही, आग लागो या घराला? मग काडी लावता का?"

"तिने लावली तर मी अडवणार नाही."

हॉल हसायचा. काठीवाले आजोबा कधी फार बोलत नसत. ते एकदा म्हणाले, "मी रोज म्हणतो, उचल बाबा आता. आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो." त्यावर तर टेम्पोवाला पाठ धरून हसला.

आजोबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पण तिचा तो आवाज ऐकलात का? मला रात्री आठवतो. वाटतं, इतक्या प्रेमाने कुणी दिलं तर मी घेईन हो. तीच भीती वाटते."

फळीच्या पलीकडे हिने माईकवरचा हात काढून घेतला.

मग हळूहळू एक बदल झाला. आमच्या हॉलमध्ये "मेलो बाई", "जीव नको झालाय", "सोडव रे देवा" हे दर मिनिटाला ऐकू यायचं. दवाखानाच तो. ते बोलणं बंद होत गेलं. खोकल्याच्या काकू जोरात खोकल्या की, "देवा, सोडव..." एवढं म्हणून मध्येच थांबायच्या आणि इकडेतिकडे बघायच्या. कुणीतरी चेष्टेने म्हणायचं, "थर्मास आला हं!" आणि लोक हसायचे. पण शब्द गिळलेले ते गिळलेलेच. मला विचाराल तर मी आत बसून केसपेपर लिहिताना मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले होते. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

तिच्या घरी तोवर वेगळंच चाललं होतं.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून शिवणवाल्या काकू राहतात. मशीनच्या आवाजात ऐकू यावं म्हणून टीव्ही मोठा लावतात. ही घरी आपला टीव्ही त्या वेळी लावत नसे, सासूबाईंना कळू नये म्हणून. पण दर संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचाच आवाज घरात यायचा. ही स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवायची. दुसऱ्या दिवशीचे संवाद पाठ करायचे तर तेही नळ सोडून, पुटपुटत. जिने आयुष्यभर खरखरणाऱ्या तारांमधून माणसं ओळखली, तिच्यापासून ही नळाच्या धारेने आवाज लपवत होती.

पहिली खूण अशी, की सासूबाईंनी "देवा, ने रे" म्हणायचं सोडलं. पेला पुढे आला की पूर्वी कुरकुरायच्या. आता गप्प घ्यायच्या, तोंडाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, "तू जा, मी पिते." हिला बरंच वाटलं. म्हणाली मला, "आई शहाण्यासारखं औषध घेताहेत हल्ली."

मग त्यांचं जेवण बदललं. शिजवलेलं नको म्हणायला लागल्या. केळं मागायच्या, पण सोललेलं नको, मीच सोलते. अंडं मागायच्या, उकडलेलं, कवचासकट. बिस्किटाचा पुडा बंद असेल तर तो दाताने फोडायच्या. नवरा हसला, "आई, माकडासारखं काय चालवलंयस?" त्या हसल्या नाहीत. पाणी पेल्यातलं पीत नव्हत्या. चाचपडत नळापर्यंत जायच्या आणि ओंजळीने प्यायच्या. एकदा तिथेच घसरून कोपर सोलून घेतलं.

खिडकीत कुंडी होती, पानांचं साधं रोप. ते वाळायला लागलं. हिने पाणी जास्त घालून पाहिलं, जागा बदलून पाहिली. एक दिवस माती उकरली तर वर पांढरट थर. कुटलेल्या गोळ्यांचा. जीभ लावून बघितली, कडू. सगळं औषध त्या कुंडीला जात होतं.

दवाखान्यात आल्या आल्या तिने मला हे सांगितलं. आणि नेमक्या त्याच सकाळी ती गोष्ट घडली.

हॉल गच्च भरलेला. काठीवाल्या आजोबांचा नंबर आला. हिचं मन त्या कुंडीत अडकलेलं. हिने माईक दाबला, नंबर सांगितला, आणि रोजच्यासारखं म्हणाली, "सावकाश या, घाई नाही."

ती हे रोजच म्हणायची. इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण रोजच्या सवयीचे शब्द कुणी कान देऊन ऐकत नाही. पण आदल्या संध्याकाळी मालिकेचा शेवटचा भाग झाला होता. बाई पकडली गेली नव्हती. ती स्टेशनवर बाकावर बसते, शेजारी एक म्हातारी येते, सुस्कारा टाकते, आणि बाई थर्मासचं झाकण उघडत म्हणते, "सावकाश, घाई नाही." तिथे संपलं. सकाळपासून अख्खा हॉल त्यावरच बोलत होता. आणि वरच्या कर्ण्यातून तेच शब्द, तोच आवाज.

एकदम सामसूम. पंख्याची घरघर तेवढी. सगळ्यांच्या माना कर्ण्याकडे वळल्या आणि मग हळूहळू अंधाऱ्या काचेकडे. आजोबा अर्धवट उठलेले, तसेच काठीवर वाकून राहिले. मग पुन्हा खाली बसले.

"मी नाही जात," म्हणाले.

"अहो, दवाखान्यातल्या बाई आहेत त्या. आपल्या रोजच्या," शिपाई समजावायला लागला.

"असू देत. आज नाही जात."

मग एकच गलका. टेम्पोवाला काचेला नाक लावून आत बघायला आला. "तुम्हीच का हो त्या? आयला! एकदा म्हणा ना, फक्त माझ्यासाठी!" कुणी मोबाईल काढला. खोकल्याच्या काकू मात्र पिशवी छातीशी धरून दाराकडे सरकल्या. ही काचेमागे तोंडावर पदर धरून बसलेली. वरून डॉक्टरसाहेबांचा निरोप आला, नंबर तेवढा सांगा, पुढचं बोलू नका.

त्या दिवसापासून ती नंबर तेवढा सांगते.

संध्याकाळी ही कुंडी उचलून सासूबाईंच्या खाटेपाशी गेली. म्हणाली, "आई, असं का केलंत?"

पुढचं तिने मला जसं सांगितलं तसं लिहिते.

सासूबाई म्हणाल्या, "तुझा आवाज आहे तो. पलीकडच्या टीव्हीतला."

"हो आई. माझं काम आहे ते. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही. नाटक असतं ते."

"नाटक मला कळतं. एक्स्चेंजला होते मी. नवरा बायकोला सांगायचा, ऑफिसात आहे, तेव्हा आवाज कुठे पातळ होतो ते मला कळायचं. आई मुलाला सांगायची, मी बरी आहे, तेसुद्धा कळायचं. खोट्याला एक कड असते. त्या मालिकेत सगळ्यांच्या आवाजाला ती कड आहे. तुझ्या नाही."

"म्हणजे काय आई?"

"म्हणजे तू खोटं बोलत नव्हतीस."

ही खाटेशी खाली बसली. हिला म्हणायचं होतं, आई, मी तुमच्यावरच्या मायेने बोलले म्हणून खोटं वाटलं नाही. पण त्या दुपारच्या झोपेचं आठवलं आणि शब्द तोंडातच राहिले. आणि ते गप्प बसणंही सासूबाईंनी ऐकलं.

"बघ," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने औषध द्यायचं ठरलं. त्या म्हणाल्या, "पेला कुणी भरला?" त्याने त्यांच्यासमोर गोळ्या कुटल्या तर म्हणाल्या, "गोळ्या कुणी आणल्या?" तो चिडला, ओरडला, मग रडला. शिवणवाल्या काकूंनी देऊन पाहिलं. "तुमच्या घरातूनच तर तो आवाज येतो," सासूबाई म्हणाल्या. काकूंनी कानाला हात लावला आणि पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं नाही. खाली मात्र सगळीकडे सांगितलं. जिन्यात ही दिसली की बायका बोलायच्या थांबायच्या. कुणी हसून म्हणायचं, "सावकाश हं!" कुणी हसतही नसे.

सासूबाईंचे पाय सुजले. सूज वर चढायला लागली. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून भिंतीला उशा लावून बसून राहायच्या. आमच्या डॉक्टरसाहेबांनी घरी येऊन तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, औषध पोटात गेलं नाही तर पाणी छातीत भरेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. दवाखान्यात आणा. सासूबाईंनी आतून ऐकलं. म्हणाल्या, "तिथे पण हिचाच आवाज."

रविवारी दुपारी तिने मला बोलावलं. "तू दे. तुझा आवाज त्यांना नवा आहे."

मी गेले. जाताना देवापुढे हात जोडून गेले. खोलीत औषधाचा आणि बंद खिडकीचा वास. सासूबाई उशांना टेकून बसलेल्या, डोळे उघडे, कुठेच न बघणारे. प्रत्येक श्वास घेताना खांदे वर उचलले जात होते. मी म्हटलं, "नमस्कार करते, आई. मी केसपेपरवाली. तुमच्या सुनेच्या शेजारी बसते."

"बस," त्या म्हणाल्या. "तू भित्री आहेस."

मी पेला पुढे केला. त्यांनी तो हातानेच बाजूला सारला. रागाने नाही. मग दाराकडे तोंड केलं. तिथे ही उभी होती, श्वास रोखून. पण त्यांना कळलं.

"आत ये," म्हणाल्या. "तू दे."

ही आली. माझ्या हातातून पेला घेतला.

"बोल."

"आई, औषध घ्या," ही म्हणाली. आवाज ओळखू येईना. घोगरा, पातळ, कुणीतरी मुद्दाम दुसरंच बोलावं तसा.

"असं नाही. हे खोटं आहे. खोट्याने दिलेलं मी घेणार नाही. त्या बाईसारखं बोल."

"आई, नका ना."

"मला कळू दे एकदा काय ते. रोज मरतेय मी त्या भिंतीशी कान लावून. बोल. जसं बोललीस तसं."

हिने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? तिने डोळे मिटले. पेला सासूबाईंच्या ओठाशी नेला. आणि तिच्या तोंडून तो आवाज आला. माईक नाही, कर्णा नाही, हातभर अंतरावरून. तसा मऊ, तसा मायेचा, की माझ्या अंगावर काटा उभा राहिला आणि त्याच वेळी वाटलं, मला कुणी असं बोललं तर मीही तोंड उघडेन.

"आई, संपवून टाका बघू. थेंब ठेवायचा नाही. सावकाश. घाई नाही."

सासूबाईंनी ऐकलं. मान जराशी कलती करून, फोनवर ऐकावं तसं, शब्द संपल्यावरही ऐकत राहिल्या. मग दोन्ही हातांनी पेला धरला आणि पिऊन टाकला. तोंड वाकडं झालं, पण थेंब ठेवला नाही. पेला उलटा करून दाखवला.

"पाहू या," म्हणाल्या. आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले.

आम्ही दोघी तिथेच बसलो. दिलेलं औषधच होतं. मी स्वतः बघितलं होतं, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, तिने माझ्यासमोर कुटलेली. तरी मी त्या म्हातारीच्या छातीकडे बघत होते. वर, खाली. मध्ये एकदा इतका वेळ थांबली की हिने माझं मनगट घट्ट पकडलं. मग पुन्हा वर. भिंतीपलीकडे शिवणयंत्र चालू होतं, थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं. उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत खाटेच्या पायापर्यंत गेला आणि मग गेलाच.

दिवे लावायच्या वेळेला सासूबाईंनी कूस बदलली. हाताने उशी चाचपली, भिंत चाचपली, स्वतःचा गाल चाचपला.

"मेले नाही वाटतं मी," म्हणाल्या. "चहा टाक."

ही हसायला लागली, आणि हसता हसता जमिनीवर कपाळ टेकून रडायला लागली. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि चहा टाकला. सासूबाई कपातलाच चहा प्यायल्या.

मला वाटलं, संपलं. गैरसमज गेला, घर पुन्हा घर झालं. पण तसं झालं नाही.

सासूबाई औषध घेतात. सूज उतरली. सुनेच्याच हातचं घेतात, दुसऱ्या कुणाचं चालत नाही. पण रोज ते तसंच व्हावं लागतं. त्याच आवाजात, तेच शब्द. आवाजात जरा कड आली तर पेला परत. आणि प्यायल्यावर रोज म्हणतात, "पाहू या." रागाने नाही, लाडानेही नाही. मग भिंतीकडे तोंड करून झोपतात.

पुढे मालिकेचे नवे भाग सुरू झाले. रेकॉर्डिंगवाले भाऊ घरी दोनदा येऊन गेले, हिने नाही म्हणून सांगितलं. आता कुणा दुसऱ्या बाईचा आवाज आहे. आमच्या हॉलमध्ये सगळ्यांचं एकमत, की मजा गेली. टेम्पोवाला म्हणतो, "या नवीन बाईच्या हातचं मी सरबत पण पिणार नाही, तिला मारायचंय ते लगेच कळतं." आजोबा म्हणाले, "हे बरं आहे. असं कळलेलं बरं." सासूबाईंनीही भिंतीतून ऐकला तो नवा आवाज. म्हणाल्या, "ही खोटं बोलते. हिच्या हातचं मी डोळे मिटून पिईन." मग स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या, पुष्कळ दिवसांनी.

रविवारी कधी मी जाते तिच्याकडे. औषध झालेलं असतं. सासूबाई झोपलेल्या असतात, आणि ही खाटेशी स्टुलावर बसलेली असते, हातात काही नाही, नजर त्यांच्या छातीवर. त्या उठेपर्यंत तिथून हलत नाही. आता तर रेकॉर्डिंगही नाही, दुपारी तिला झोपायला वेळ आहे. नवराही म्हणतो, तू पड जरा.

एकदा मी विचारलं, "अगं, आता काय बघत बसतेस? औषधच आहे ते, तूच तर दिलंस ना?"

तिने मान वर केली नाही. त्याच आवाजात, हळू, म्हातारी जागी होऊ नये म्हणून, ती म्हणाली, "आता मलाही बघावं लागतं."